मेंदूत उरलेलं लोखंड

मी भिलाईच्या मरोद्यातून बोलतोय. दल्ली राजहराच्या खाणींतलं लोहखनिज इथूनच रेल्वेनं पोलाद कारखान्यात जातं. तिथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. माझ्या बाबांची उमर त्याच कारखान्यात गेली.

निवृत्तीनंतर बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. हातपाय सावरले, पण सुट्ट्या पैशांचा हिशेब जुळेना, गॅसवर चहा ठेवून ते विसरू लागले. "मुद्दाम करतात," आई म्हणायची. हे मुद्दाम नाही, हे डोळ्यांना दिसावं म्हणून माणसाला शंभर वर्षांहून जास्त झगडावं लागलं. तीच गोष्ट आज सांगतो.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोकांकडे एक रुग्ण होता. त्याला 'तान' एवढंच बोलता येई. बिघाड मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात होता, पण ते कळलं त्याच्या मृत्यूनंतर. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. त्यांत हाडं दिसली, मेंदू नाही. १९१९ मध्ये वॉल्टर डँडींनी पाठीच्या कण्यातून हवा भरून मेंदूतल्या पोकळ्यांचे फोटो काढले. त्यानं रुग्णाचं डोकं भयंकर दुखे. १९२७ मध्ये एगाश मोनिश यांनी रक्तवाहिन्या दाखवल्या. तरी वाहिनीबाहेर सांडलेलं रक्त थेट दिसत नव्हतंच.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रात पहिल्या रुग्णाचं डोकं तपासलं गेलं. ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं. काही आठवड्यांत तो पांढरेपणा विरतो. घरच्यांना वाटतं, आता सगळं निवळलं.

निवळत नाही. रक्तातलं लोखंड मेंदूत साचून राहतं. एमआरआयच्या खास पद्धतीत ते चुंबकीय क्षेत्र बिघडवतं आणि वर्षानुवर्षांनीही काळा डाग म्हणून दिसतं. बाबांच्या फिल्मवर तसेच डाग होते.

पण डाग म्हणजे माणूस नव्हे. स्राव कुठे झाला ते फिल्म सांगते. हिशेब का चुकतो ते कळायला डॉक्टरांनी बाबांना कागदावर घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आणि आम्हाला विचारलं, घरी काय काय बदललंय? ब्रोकांच्या रुग्णाचंही तसंच होतं: मेंदू नंतर पाहिला, आधी त्याचं बोलणं ऐकलं होतं.

फिल्म पाहून आई बराच वेळ गप्प होती. त्यानंतर 'मुद्दाम' हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नाही. चहा आता दोघं मिळून करतात.