पहिल्याची सर दुसऱ्याला येते का?

गाजलेला जुना सिनेमा कुणी पुन्हा काढला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, ‘पहिल्याची सर याला नाही.’ भयपटांच्या बाबतीत तर हे वाक्य सिनेमा पाहण्याआधीच उच्चारलं जातं. त्याला कारणही आहे. आवडतं गाणं शंभरदा ऐकलं तरी गोड लागतं. पण दाराआड कोण उभं आहे हे एकदा कळलं की दचकणं संपतं. मग भयपट पुन्हा काढणं हा मुळातच आतबट्ट्याचा व्यवहार म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. इतिहास पाहिला तर ‘पहिला कोणता’ हेच अनेकदा सांगता येत नाही.

‘नोस्फेरातू’चंच घ्या. १९२२ साली जर्मनीत एफ. डब्ल्यू. मुर्नाव यांनी हा मूकपट काढला. आज तो भयपटांचा मूळपुरुष मानला जातो. पण त्याची कथा उचललेली होती, ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून, आणि तीही परवानगीशिवाय. काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक केला, लंडनऐवजी जर्मन गाव घेतलं, एवढंच. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या आणि १९२५मध्ये चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. सुदैवाने काही प्रती तोवर बाहेर गेल्या होत्या, म्हणून आपल्याला तो पाहता येतो. गंमत पुढेच आहे. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. सूर्यप्रकाशाने पिशाच नाहीसं होतं, ही कल्पना पडद्यावर रुजवली ती या ‘चोरट्या’ सिनेमाने. आज ती जणू पिढ्यान्‌पिढ्यांची लोककथा असावी अशी सांगितली जाते. नकलेनेच अस्सलात भर घातली, ती अशी.

दुसरं उदाहरण त्याहून नवलाचं. १९३१ साली हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीने बेला लुगोसीला घेऊन ‘ड्रॅक्युला’ काढला. बोलपट नुकते आले होते, संवाद दुसऱ्या भाषेत भरण्याचं तंत्र कच्चं होतं. म्हणून त्याच सेटवर रात्रपाळीला स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ चित्रित होऊ लागला. दिवसा इंग्रजी मंडळी जात, रात्री स्पॅनिश येत. किल्ला तोच, जिना तोच, कथाही तीच. तरी दोन चित्रपट निराळे झाले. स्पॅनिश सुमारे अर्ध्या तासाने लांब आहे आणि त्यातला कॅमेरा अधिक मोकळेपणाने फिरतो. दिवसा काय चित्रित झालं ते पाहून रात्रीच्या लोकांना सुधारणा करता येत असे. मात्र लुगोसीची ती रोखलेली नजर स्पॅनिश नटाकडे नाही. यातला पहिला कोणता आणि दुसरा कोणता, हे तुम्हीच ठरवा.

आता एक दुःखद प्रकरण. स्टीव्हन्सनच्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’वर १९३१मध्ये रूबेन मामूलियन यांनी पॅरामाउंटसाठी चित्रपट केला. सज्जन डॉक्टर आपल्या डोळ्यांसमोर राक्षस होतो, आणि मध्ये कुठे कापल्याचं दिसत नाही. चेहऱ्यावर रंगीत रेषा काढून भिंगापुढचे रंगीत काच-पडदे बदलत नेले, की कृष्णधवल चित्रात त्या रेषा हळूहळू उमटत. फ्रेडरिक मार्चला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, वॉलेस बीरीबरोबर विभागून. पुढे एमजीएमला हीच कथा स्पेन्सर ट्रेसी आणि इन्ग्रिड बर्गमनला घेऊन करायची होती. त्यांनी जुन्या चित्रपटाचे हक्क विकत घेतले आणि तो बाजारातून काढून घेतला. १९४१मध्ये नवा चित्रपट आला. जुना कित्येक वर्षं लोकांना धडपणे पाहायलाच मिळाला नाही. तुलना होऊ नये म्हणून तुलनेची वस्तूच कपाटात बंद! नवी आवृत्ती काढण्यात पाप नाही. जुनी दडवण्यात आहे, असं मला याच गोष्टीमुळे वाटतं.

मग तंतोतंत नक्कल केली तर? तो प्रयोगही झाला आहे. हिचकॉक यांचा ‘सायको’ १९६०चा. सुमारे आठ लाख डॉलरचा बेताचा खर्च, टीव्ही मालिकेवरचे तंत्रज्ञ, कृष्णधवल चित्रण. नायिका म्हणून जिच्यामागे आपण चाललो, ती अर्धा चित्रपट होण्याआधीच न्हाणीघरात मारली जाते. प्रेक्षकांच्या पायाखालची जमीनच सरकली. १९९८मध्ये गस व्हॅन सँट यांनी तो जवळजवळ प्रत्येक शॉट तसाच ठेवून रंगीत काढला. बर्नार्ड हर्मन यांचं व्हायोलिनचं संगीतही ठेवलं. महागाई लक्षात घेऊन चोरीची रक्कम मात्र चाळीस हजारांची चार लाख डॉलर केली! चित्रपट पडला. सगळं जागच्या जागी होतं, फक्त धक्का नव्हता. धक्का शॉटमध्ये नसतोच. प्रेक्षक काय गृहीत धरून बसला आहे, त्यावर तो अवलंबून असतो; आणि १९६०चा प्रेक्षक १९९८मध्ये कुठून आणायचा?

याउलट ज्यांनी धाडसाने बदल केले, ते तरले. जॉन कँबेल यांच्या १९३८च्या कथेवर १९५१मध्ये ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ आला. त्यात परग्रहावरचा शत्रू दिसायला सरळसरळ राक्षस आहे, आणि सगळे एक होऊन त्याचा फडशा पाडतात. शीतयुद्धाच्या काळाला ते साजेसं होतं. १९८२मध्ये जॉन कार्पेंटर पुन्हा मूळ कथेकडे गेले. त्यांचा प्राणी कुणाचंही रूप घेतो. अंटार्क्टिकाच्या तळावरच्या माणसांना शेजारचा माणूस माणूस आहे की नाही, हेच कळेनासं होतं. शत्रू बाहेर नाही, विश्वासच संपला आहे. हा चित्रपट ‘ई.टी.’नंतर दोनच आठवड्यांनी आला. गोड परग्रहवासीयावर जीव लावून बसलेल्या लोकांनी आणि समीक्षकांनी त्याला झिडकारलं. आज त्याची गणना श्रेष्ठ भयपटांत होते. १९५८चा ‘द फ्लाय’ही असाच. त्यात शास्त्रज्ञाचं डोकं एका झटक्यात माशीचं होतं. १९८६मध्ये डेव्हिड क्रोनेनबर्ग यांनी तोच बदल हळूहळू दाखवला. नखं गळतात, दात पडतात, आणि प्रेयसी असहायपणे पाहत राहते. एड्सच्या धास्तीचे ते दिवस. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या कुणालाही तो सिनेमा माशीचा वाटणार नाही.

आपल्याकडे महेश कोठारे यांनी हेच ओळखलं होतं. ‘चाइल्ड्स प्ले’मधल्या बाहुल्याची कल्पना घेऊन त्यांनी १९९३मध्ये ‘झपाटलेला’ केला. पण बाहुला आला तो बोलक्या बाहुल्यांच्या खेळातून, रामदास पाध्ये यांच्या हातून, आणि भीतीला हशाची जोड मिळाली. म्हणून तात्या विंचू आपला झाला.

तेव्हा पहिल्याची सर येते का? येते, पण ज्याला फक्त पहिल्यासारखं दिसायचं असतं, त्याला येत नाही. प्रत्येक पिढीची भीती वेगळी असते. ती शोधून जुन्या कथेत ओतली, तर कथा पुन्हा जिवंत होते. १९७९मध्ये वेर्नर हेर्झोग यांनी आणि २०२४मध्ये रॉबर्ट एगर्स यांनी ‘नोस्फेरातू’ पुन्हा काढला, तेव्हा दोघांनाही मुर्नावचा चित्रपट पाहता आला, कारण कुणीतरी कोर्टाचा हुकूम मोडून त्याची रिळं जपली होती. नवा सिनेमा आवडो न आवडो, एक करा. जुना शोधून एकदा अवश्य पाहा. तुलना करायची तर दोघंही समोर हवेत.