उमेश यादव : एका स्पेलमध्ये मॅच फिरवणारा, पण टीममधली जागा कधीच पक्की न झालेला विदर्भाचा फास्ट बॉलर

उन्हाळा लागला की पारोळा, अमळनेर, एरंडोल या भागात टेनिस बॉलच्या स्पर्धांना ऊत येतो. प्रत्येक गावात एक तरी पोरगा असा असतो, ज्याचा बॉल म्हणे दिसतच नाही. लांबून पळत येतो, जीव खाऊन टाकतो. सहापैकी दोन वाइड जातात, एकावर चौकार बसतो आणि एकावर दांडी उडते. लोक म्हणतात, "याला कोणी धरून शिकवलं असतं तर लय पुढं गेला असता." बहुतेक वेळा तो कुठेच जात नाही. लग्न होतं, दुकान किंवा शेती मागे लागते, विषय संपतो.

पारोळ्यावरून जाणारा जुना सहा नंबरचा हायवे जळगाव, अकोला, अमरावती करत नागपूरला पोहोचतो. त्या नागपूरजवळ, खापरखेड्याच्या बाजूला वलनी नावाची कोळसा खाणीची वसाहत आहे. तिथला असाच एक टेनिस बॉलवाला पोरगा भारताकडून ५७ कसोट्या खेळला आणि १७० विकेट घेऊन गेला. उमेश तिलक यादव.

तरीही उमेशचं नाव निघालं की पहिला शब्द येतो, 'बेभरवशाचा'. हा शिक्का किती खरा आहे, हे आकडे उघडून बसलं की कळतं. आणि आकडे जरा वेगळंच बोलतात.

कॉन्स्टेबल होता होता राहिला

उमेशचा जन्म २५ ऑक्टोबर १९८७ चा. वडील तिलक यादव कोळसा खाणीत कामगार. घरची अपेक्षा साधी होती, पोराला सरकारी नोकरी लागावी. त्याने पोलीस भरती दिली, सैन्यासाठीही प्रयत्न केला. दोन्हीकडे जमलं नाही.

एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत त्याने लेदर बॉलने नीट क्रिकेट खेळलेलंच नव्हतं. हा मुद्दा पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे. मुंबईतला पोरगा आठव्या-नवव्या वर्षी शाळेच्या टीममध्ये लेदर बॉल हातात घेतो. चौदाव्या वर्षापर्यंत त्याला शिवण कशी धरायची, मनगट कुठे ठेवायचं, एकाच टप्प्यावर तीस बॉल कसे टाकायचे हे अंगवळणी पडलेलं असतं. उमेश हे सगळं शिकला तेव्हा मुंबईची पोरं रणजी खेळत होती. त्याच्याकडे होता फक्त वेग आणि खांद्यातली ताकद.

हा वेग विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याने हेरला. २००८ मध्ये उमेश मध्य प्रदेशविरुद्ध पहिली रणजी मॅच खेळला आणि त्या पहिल्याच मोसमात त्याने २० विकेट काढल्या. मे २०१० मध्ये तो झिम्बाब्वेत पहिली वनडे खेळला. म्हणजे लेदर बॉल हातात घेतल्यापासून जेमतेम तीन-चार वर्षांत तो भारताच्या जर्सीत होता.

नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पण झालं. विदर्भाकडून खेळणारा कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिलाच खेळाडू. महाराष्ट्र राज्यात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत. मुंबईची वेगळी, विदर्भाची वेगळी आणि उरलेल्या महाराष्ट्राची पुण्याची. खानदेश पुण्याच्या संघटनेत येतो. या तिघांत विदर्भ तेव्हा सगळ्यात मागे समजला जायचा. रणजीत विदर्भासमोर मॅच म्हणजे समोरच्याला आरामाचे गुण, अशी त्यांची ख्याती होती.

पर्थ, आणि पहिली झलक

पदार्पणानंतर दोन महिन्यांत उमेश ऑस्ट्रेलियात होता. जानेवारी २०१२, पर्थची कसोटी. भारत १६१ मध्ये गुंडाळला गेला होता आणि वॉर्नर-कोवान जोडीने सलामीलाच २१४ धावा ठोकल्या होत्या. कोणाच्याच हाताला काही लागत नव्हतं. तेव्हा उमेशने कोवानची दांडी उडवली. पाठोपाठ पाँटिंगचीही उडवली. बिनबाद २१४ वरून ऑस्ट्रेलिया ३६९ मध्ये आटोपली आणि उमेशच्या नावावर ९३ धावांत ५ विकेट लागल्या. भारत ती मॅच डावाने हरला, त्यामुळे हा स्पेल फार कोणाच्या लक्षात राहिला नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी पाठीचं दुखणं निघालं आणि तो बरेच महिने बाहेर बसला. पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेला तो २०१४-१५ मध्ये. तीन कसोट्यांत ११ विकेट मिळाल्या, पण प्रत्येक विकेटमागे जवळपास ५० धावा गेल्या. शिक्का बसला तो साधारण इथे. एक बॉल स्वप्नातला, पुढचा पायावर, चौकार. गंमत म्हणजे त्याच ऑस्ट्रेलियात, त्याच दौऱ्याला जोडून झालेल्या २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून सगळ्यात जास्त विकेट उमेशच्याच होत्या, १८.

आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत हाच माणूस काय करतो बघा. दक्षिण आफ्रिका मॅच वाचवायला खेळत होती. अमला आणि डिव्हिलियर्स तासन् तास नुसते बॉल अडवत होते. त्या डावात उमेशचे आकडे होते २१ षटकं, १६ निर्धाव, ९ धावा, ३ विकेट. धावा लुटवणारा म्हणून बदनाम झालेल्या बॉलरने २१ षटकांत फक्त ९ धावा दिल्या!

दर किती बॉलला विकेट?

बॉलर मोजायच्या दोन पट्ट्या असतात. एक, विकेटमागे किती धावा दिल्या. दुसरी, विकेटमागे किती बॉल टाकले. पहिल्या पट्टीवर उमेशची कसोटी सरासरी ३०.९५ आहे. कपिल देवची २९.६४, श्रीनाथची ३०.४९, झहीर खानची ३२.९४. म्हणजे उमेश श्रीनाथच्या शेजारी आणि झहीरच्या पुढे.

दुसरी पट्टी लावली की भुवया उंचावतात. कपिल आणि श्रीनाथला एका विकेटसाठी साधारण ६४ बॉल लागायचे, झहीरला ६० च्या वर. उमेशला लागले साधारण ५३. भारताच्या तिन्ही मोठ्या फास्ट बॉलरपेक्षा तो लवकर विकेट काढत होता.

मग बेभरवशाचा कशामुळे? कारण कपिल-श्रीनाथ षटकाला तीनपेक्षा कमी धावा द्यायचे आणि उमेश साडेतीनच्या आसपास. तो बॉल पुढे टाकायचा, स्टंपवर टाकायचा. अशा बॉलवर बॅट्समन चुकला तर एलबीडब्ल्यू किंवा बोल्ड, आणि नाही चुकला तर ड्राइव्हचा चौकार. टप्पा थोडा मागे घेतला असता तर धावा वाचल्या असत्या, पण विकेटही कमी झाल्या असत्या. कॅप्टनला त्याच्याकडून जे हवं होतं आणि कॅप्टनला त्याच्याबद्दल जे खटकायचं, ते एकाच बॉलमधून यायचं.

देशात राजा, परदेशात पाहुणा

खरा फरक मैदान बदललं की दिसतो. भारतात उमेशने १०१ विकेट घेतल्या, सरासरी पंचवीस-सव्वीसच्या घरात. परदेशात ६९ विकेट, सरासरी ३८ च्या आसपास. फास्ट बॉलरची गोष्ट साधारण उलटी असते. भारतातल्या खेळपट्ट्या स्पिनरच्या आणि फास्ट बॉलरने चार षटकं टाकून बॉलची चमक घालवायची, हा आपला जुना रिवाज.

उमेशचं उलटं व्हायला कारण आहे. भारतातल्या कोरड्या, खरबरीत खेळपट्टीवर बॉल एका बाजूने लवकर खराब होतो. दुसरी बाजू घासूनपुसून चकचकीत ठेवली की तो रिव्हर्स स्विंग होतो, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेला आणि उशिरा वळतो. हे साधायला वेग लागतो आणि बॉल पुढे टाकायची छाती लागते. उमेशकडे दोन्ही होतं. शिवाय त्याचा बॉल फार उसळत नसे, टप्पा पडल्यावर सुसाट सरपटत यायचा. कमी उसळीच्या खेळपट्टीवर असा बॉल थेट पॅडवर नाहीतर स्टंपवर.

ऑस्ट्रेलियात वापरतात तो कुकाबुरा बॉल. त्याची शिवण लवकर बसते आणि पंधरा-वीस षटकांनंतर स्विंग जवळपास थांबतो. मग विकेट मिळवायच्या तर आखूड, कडक टप्प्यावर तासभर तेच ते टाकत राहायचं. लहानपणापासून घोटलेली सवय लागते ती इथे.

२०१८ च्या मोसमात हे सगळं चार महिन्यांत बघायला मिळालं. ऑक्टोबरमध्ये हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी होती. जोडीला पदार्पण करणारा शार्दूल ठाकूर. पण शार्दूल अवघे १० बॉल टाकून दुखापतीमुळे बाहेर गेला आणि उमेश एकटाच फास्ट बॉलर उरला. त्याने पहिल्या डावात ८८ धावांत ६ आणि दुसऱ्यात ४५ धावांत ४ विकेट घेतल्या. भारतात एका कसोटीत दहा विकेट घेणारे भारताचे फास्ट बॉलर त्याआधी दोनच होते, कपिल देव आणि श्रीनाथ.

डिसेंबरमध्ये पर्थला भारताने स्पिनर न घेता चार फास्ट बॉलर खेळवले. उमेशला मॅचमध्ये २ विकेट मिळाल्या आणि १३९ धावा गेल्या. समोर ऑस्ट्रेलियाच्या नॅथन लायनने स्पिनवर ८ विकेट काढल्या. टीका झाली, पुढच्या कसोटीत उमेश बाहेर.

जानेवारीत तो वायनाडला विदर्भाकडून केरळविरुद्ध रणजीची सेमीफायनल खेळला. ४८ धावांत ७, ३१ धावांत ५. मॅच दोन दिवसांत संपली. विदर्भाने सलग दुसऱ्यांदा रणजी जिंकली तो हाच मोसम. आरामाचे गुण देणारी टीम ती हीच.

मुक्काम नेहमी तात्पुरताच

२०१९ मध्ये बुमराहच्या पाठीला दुखापत झाली म्हणून उमेशला बोलावणं आलं. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दोन कसोट्यांत ११ विकेट. लगेच बांगलादेशविरुद्ध दोन कसोट्यांत १२. त्यातली दुसरी म्हणजे ईडन गार्डन्सवरची भारतातली पहिली डे-नाइट कसोटी. गुलाबी बॉलने त्याने दोन्ही डाव मिळून ८ विकेट घेतल्या. मधल्या मध्ये रांचीत बॅटनेही हात धुऊन घेतला, १० बॉलमध्ये ३१, त्यात ५ षटकार. ती खेळी बघताना ड्रेसिंग रूममध्ये कोहली नाचायचा बाकी होता.

चार कसोट्यांत २३ विकेट घेतलेल्या बॉलरची जागा पक्की व्हायला हवी. पण बुमराह परतला, शमी आणि ईशांत होतेच. देशात दोनच फास्ट बॉलर खेळतात आणि परदेशात उमेशचा नंबर चौथा. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला संधी मिळाली तर मॅचच्या मधेच पोटरी दुखावली. त्याच कसोटीत मोहम्मद सिराजने पदार्पण केलं होतं आणि पुढे ब्रिस्बेनला नव्या पोरांनी इतिहास केला. उमेश तेव्हा भारतात उपचार घेत होता. नऊ महिन्यांनी ओव्हलला परत खेळवलं तेव्हा त्याने जो रूटचा त्रिफळा उडवला, मॅचमध्ये ६ विकेट घेतल्या, भारत १५७ धावांनी जिंकला. सातत्य नाही असं ज्याच्याबद्दल म्हणायचं, त्याला सलग खेळवलं किती, हाही हिशेब मांडायला हवा.

असे बॉलर जगात सगळीकडे झाले. इंग्लंडच्या डेव्हन माल्कमची कारकिर्दीची सरासरी ३७ च्या वर, पण १९९४ मध्ये ओव्हलवर त्याने दक्षिण आफ्रिकेच्या एका डावात ५७ धावांत ९ विकेट घेतल्या. आपल्या मुंबईच्या अजित आगरकरची कसोटी सरासरी ४७ ची, आणि २००३ मध्ये अॅडलेडला ऑस्ट्रेलियाला १९६ मध्ये गुंडाळणाऱ्या ४१ धावांत ६ विकेट त्याच्याच. या दोघांच्या शेजारी उमेशला बसवणं तसं अन्यायाचंच आहे, कारण त्याचे आकडे दोघांपेक्षा बरेच चांगले आहेत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तिलक यादव गेले. काही दिवसांतच, १ मार्चला, इंदूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सुरू झाली आणि उमेश टीममध्ये होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलिया ४ बाद १८६ वर निवांत होती. तिथून ११ धावांत सहा विकेट पडल्या, त्यातल्या तीन उमेशच्या. ५ षटकं, १२ धावा, ३ विकेट. स्टार्कचा स्टंप उडाला ती भारतातली त्याची शंभरावी कसोटी विकेट होती. कपिल, श्रीनाथ, झहीर, ईशांत यांच्यानंतर हा टप्पा गाठणारा तो भारताचा पाचवा फास्ट बॉलर.

तीन महिन्यांनी ओव्हलला जागतिक कसोटी अजिंक्यपदाची फायनल झाली. उमेशला पहिल्या डावात ७७ धावांत एकही विकेट मिळाली नाही, दुसऱ्यात दोन मिळाल्या. भारत हरला आणि वेस्ट इंडिज दौऱ्याच्या टीममधून त्याचं नाव गेलं. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये निवड समितीचा अध्यक्ष म्हणून अजित आगरकर आला. उमेशला पुन्हा बोलावणं आलं नाही. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजीची फायनल झाली, मुंबई विरुद्ध विदर्भ. छत्तिसाव्या वर्षी उमेश विदर्भाकडून बॉलिंग टाकत होता.