हा पत्ता कुणाचा?

गावात नवा पोस्टमन आला म्हणजे पहिले काही दिवस त्याची कशी तारांबळ उडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पाकिटावर नाव असते, गावही असते. पण त्या नावाचा माणूस कोणत्या घरात राहतो, हे त्याला ठाऊक नसते. मग तो पारापाशी उभा राहून मोठ्याने विचारतो, "अहो, तुमच्यातले शंकरबापू कोण?" ज्याचे पत्र असते तो पुढे येतो, बाकीचे आपल्या गप्पांत रमतात. पोस्टमन ते घर ध्यानात ठेवतो आणि पुढच्या खेपेला त्याला विचारावे लागत नाही.

शाळेच्या संगणकखोलीतली यंत्रे एकमेकांना निरोप धाडताना नेमके हेच करतात, असे मी सांगितले तर आपल्याला नवल वाटेल. पण गोष्ट खरी आहे. हा रिवाज १९८२ साली ठरला. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. जाळ्यात जोडलेल्या संगणकाला एक सोडून दोन पत्ते असतात. पहिला 'आयपी' पत्ता. हा हजेरीपटावरच्या क्रमांकासारखा नेमून दिलेला असतो. शाळा बदलली की क्रमांक बदलतो. दुसरा 'मॅक' क्रमांक. तो मोटारीच्या चासी नंबरासारखा कारखान्यातच घातलेला असतो आणि सहसा बदलत नाही. आता गंमत अशी की, दूरदेशीचा निरोप येतो तो आयपी पत्त्यावर. पण खोलीतल्या तारेवरून जाणारे पाकीट प्रत्येक यंत्र ओळखते ते मॅक क्रमांकावरून. तेव्हा पहिल्या पत्त्यावरून दुसरा शोधायचा कसा?

प्रारंभी हा प्रश्न फारसा पडला नव्हता. अमेरिकेत १९६९ साली 'आर्पानेट' हे जाळे सुरू झाले. तेथे संगणक कोणत्या मधल्या यंत्राला आणि त्याच्या कोणत्या जोडणीला लावला आहे, हे त्याच्या पत्त्यातच सांगितलेले असे. पत्ता वाचला की वाट कळली!

पुढे ईथरनेट आले. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओच्या लहरींनी जोडले होते. त्यापासून स्फूर्ती घेऊन रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात नवी कल्पना मांडली. डेव्हिड बॉग्ज हे त्यांचे सहकारी. एकाच तारेला सारी यंत्रे जोडायची. एक बोलले की सर्वांना ऐकू जायचे. म्हणजे नभोवाणीचीच तऱ्हा, फक्त तारेतून. प्रयोगातल्या ह्या ईथरनेटचा यंत्रक्रमांक अवघा ८ बिटांचा होता. त्यात २५६ च्या वर क्रमांक होत नाहीत. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स ह्या तीन कंपन्यांनी मिळून मानक ठरवले तेव्हा तो ४८ बिटांचा केला. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी क्रमांक बसतात. जगात कोठेही दोन यंत्रांचा क्रमांक एक होऊ नये, हा हेतू. ह्या योजनेमागचा विचार मांडणारा निबंध १९८१ साली दोघांनी लिहिला. त्यांतले एक, योगेन दलाल, हे आपल्या मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

इकडे त्याच वर्षी आयपीचे मानक प्रसिद्ध झाले. त्यातला पत्ता ३२ बिटांचा! पायलीत मण मावत नाही, तसे ३२ बिटांत ४८ बिट कसे मावणार? मग प्रत्येक यंत्रात सर्वांची वही ठेवावी काय? तीही सोय नव्हे. एका यंत्राचा भाग बदलला की सगळ्यांच्या वह्या खोडायच्या, आणि एक जरी राहून गेली तरी निरोप अडलाच म्हणून समजा.

नोव्हेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेतले डेव्हिड प्लमर यांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. त्याचा अनुक्रमांक ८२६. त्यात मांडलेल्या रीतीचे 'एआरपी' हे नाव पुढे रूढ झाले. त्यांचा तोडगा अगदी सरळ होता. वही कशाला? विचारावे! ज्याला निरोप धाडायचा आहे त्याने तारेवर दवंडी द्यावी: "अमुक आयपी पत्ता कुणाचा? माझा पत्ता हा, माझा यंत्रक्रमांक हा." दवंडी सर्वांना ऐकू जाते, पण उत्तर एकच यंत्र देते, आणि तेही फक्त विचारणाऱ्याला. शिवाय उत्तर देणारा विचारणाऱ्याचीही नोंद करून घेतो, म्हणजे त्याला उलट विचारायला नको. नोंद थोडा वेळ ठेवायची आणि मग पुसायची. यंत्र बदलले असेल तर नव्याने विचारता येते. निरोप परगावचा असेल, तर वेशीवरच्या यंत्राचा क्रमांक विचारून पाकीट त्याच्या हवाली करायचे. पुढे १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटही आयपीवर आले, आणि ही रीत जगभर पसरली.

पण बरं का, ह्या रीतीत एक मोठी उणीव आहे. "तो पत्ता माझा" असे कुणी म्हटले, तर ते खरे कशावरून? पारावर भलत्यानेच शंकरबापू म्हणून हात पुढे केला, तर? एआरपीत पडताळा पाहण्याची सोयच ठेवलेली नाही. १९८२ साली ही जाळी प्रयोगशाळांतून होती आणि माणसे एकमेकांना ओळखत. आज त्याच रीतीचा गैरफायदा घेऊन दुसऱ्याचे निरोप आपल्याकडे वळवणारे लोक आहेत.

प्रत्येक वेळी लबाडीच असते असेही नाही. आमच्या प्रयोगशाळेत एकदा दोन यंत्रांना चुकून एकच आयपी पत्ता दिला गेला. घटकेत हे यंत्र चाले, घटकेत ते. विद्यार्थी तारा हलवून हलवून दमले. दोष तारेत नव्हताच!

ह्यावर उपाय निघाले आहेत. कोणाला कोणता पत्ता नेमून दिला ह्याची नोंद मधले यंत्र ठेवते आणि खोटे उत्तर अडवते. शिवाय मजकूरच सांकेतिक करून पाठवला, तर पाकीट भलत्याच्या हाती पडले तरी त्याला वाचता येत नाही. पण मुळातली रीत आजही बहुतेक ठिकाणी तीच चालू आहे, कारण ती सोपी आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी हा खेळ वर्गात अवश्य करून पाहावा. प्रत्येक मुलाला दोन चिठ्ठ्या द्याव्यात. एकीवर आयपी पत्ता, दुसरीवर यंत्रक्रमांक. एकाने दवंडी द्यावी, एकाने उत्तर द्यावे. मग एका मुलाला हळूच खोटे उत्तर द्यायला सांगावे, आणि "हे ओळखायचे कसे?" असे वर्गाला विचारावे. पुस्तकाच्या चार पानांनी समजणार नाही ते मुलांना तेवढ्यात समजेल. शिवाय फोनवर "मी बँकेतून बोलतोय" असे कुणी म्हणाला, तर त्याचा पडताळा आधी पाहावा, हेही त्यांच्या ध्यानात राहील.