कॅनडा : आश्रय नाकारल्यावर कोर्ट काय तपासतं?

छळाच्या भीतीने देश सोडून कॅनडात आश्रय मागणाऱ्यांत मुस्लिम कुटुंबंही असतात. अर्ज फेटाळला की ‘आता कोर्टात सगळं पुन्हा सांगू’ असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

अर्जावर निर्णय इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्ड देतं. नकार आला तर बहुतेकांना याच बोर्डाच्या अपील विभागाकडे जाता येतं. तिथेही नकार मिळाला, तर फेडरल कोर्ट. त्यासाठी निर्णय कळल्यापासून फक्त १५ दिवस मिळतात आणि आधी कोर्टाची परवानगी लागते. परवानगी नाकारली, तर त्यावर अपील नाही. मुदतीत अर्ज केल्यास बहुतेकांची परत पाठवणी तोवर थांबते, पण सगळ्यांची नाही.

कोर्ट अर्जदाराची हकीकत नव्याने ऐकत नाही. बोर्डाचा निर्णय वाजवी होता का, सुनावणी नीट झाली का, एवढंच बघतं. वाजवीपणाची ही कसोटी कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या वाविलोव्ह निकालात स्पष्ट केली. नवे पुरावे सहसा चालत नाहीत. केस जिंकली तरी कोर्ट स्वतः आश्रय देत नाही. प्रकरण फेरविचारासाठी बोर्डाकडे परत जातं.

म्हणून पोलीस तक्रार, दवाखान्याचे कागद, धमक्यांचे मेसेज, जे असेल ते पहिल्याच सुनावणीत द्यावं. आणि नकाराचं पत्र आलं की त्याच दिवशी वकील गाठावा.