तबकडी टिकली, यंत्र थकलें

कोणतीहि वस्तु टिकाऊ आहे असें ऐकलें, कीं ती कशाच्या आधारानें टिकावयाची हें विचारावयाचें आपण बहुधा विसरतों. डोंबिवलीच्या पूर्वेस मानपाड्याला आमचें बिऱ्हाड आहे. तेथें सीडी वाजविण्याचें, सुमारें तीस वर्षांचें जुनें एक यंत्र वडिलांच्या वेळेपासून आहे. गेल्या पावसाळ्यांत त्याचा खण उघडेनासा झाला, आणि भंगारवाला दाराशीं येऊन तें वजनाच्या भावानें मागूं लागला. कपाटांत मात्र वडिलांनीं जमविलेल्या दीडशें तबकड्या जशाच्या तशा होत्या; प्रत्येकीच्या वेष्टनांत त्यांनीं आवडत्या गाण्यापुढें पेन्सिलीनें खूण केली होती. यंत्र विकलें असतें, तर त्या साऱ्या एका दिवसांत मुक्या झाल्या असत्या. वीजकामाचा गंध नसतां आम्हीं दुरुस्ती हातीं घेतली ती या भयानें. आणि ती करतां करतां तिचा इतिहासाशीं किती निकट संबंध आहे हें आमच्या ध्यानीं आलें.

हिंदुस्थानांतील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास झाला. फ्रेड गायस्बर्ग यानें गौहरजान प्रभृति गायिकांचें गाणें तेथें मुद्रित केलें. परंतु त्याच्या तबकड्या छापल्या गेल्या त्या जर्मनींतील हानोवर येथें, कारण कलकत्त्यास कारखाना निघावयास १९०८ साल उजाडावें लागलें. पुढें बालगंधर्वांचीं नाट्यपदें महाराष्ट्रांत घरोघर पोंचलीं तीं अशाच तबकड्यांवरून. एका बाजूस जेमतेम तीनसाडेतीन मिनिटें मिळत. शिवाय पोलादी सुई तबकडी वाचतां वाचतां तिला झिजवी. म्हणजे जें गाणें अधिक आवडतें, तेंच आधीं नासे.

या झिजेपासून गाण्याला सोडविणाऱ्या सीडीचे नियम फिलिप्स व सोनी या कंपन्यांनीं १९८० मध्यें ठरविले. पहिल्या तबकड्या १९८२ च्या ऑगस्टांत छापल्या गेल्या, त्या हानोवरच्या अगदीं शेजारीं लांगेनहागेन येथें, गौहरजानच्या तबकड्या छापणाऱ्या कारखान्याच्याच वारसांकडे. ऑक्टोबरांत पहिलें यंत्र जपानांत विक्रीस आलें. बारा सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर सेकंदास ४४,१०० वेळां, डाव्या व उजव्या बाजूकरितां निरनिराळें, ध्वनीचें मोजमाप घेऊन तें सूक्ष्म खळग्यांच्या रूपानें लिहिलेलें असतें. सुईच्या जागीं प्रकाशाचा किरण आला. स्पर्श नाहीं, म्हणून झीज नाहीं. तबकडीच्या चिरंजीवपणाचा जो बोलबाला झाला तो याच आधारावर. पण भिंग ज्यावरून सरकतें त्या दंडावरील वंगण, खण ओढणारा रबरी पट्टा, विजेचा सांठा करणारे कपॅसिटर, यांना चिरंजीवपणाचा वर कोणींच दिला नव्हता.

झांकण काढण्यापूर्वीं वीज तोडून आम्ही कांहीं वेळ थांबलों, कारण कपॅसिटरांत वीज मागें राहते. दुसरा नियम असा, कीं चालू यंत्राच्या भिंगाकडे रोखून पाहावयाचें नाहीं. किरण दिसत नाहीं म्हणूनच तो अधिक घातक. खण अडला होता तो सैल पडलेल्या पट्ट्यामुळें. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून नवा पट्टा आणला आणि यंत्र गाऊं लागलें. आमचा आनंद मात्र तासभरच टिकला: पहिलीं गाणीं स्वच्छ वाजत, शेवटचीं अडखळत. एका जाणत्या दुकानदारानें किरणाची शक्ति वाढविणारा बारीकसा स्क्रू फिरवावयास सांगितलें. स्क्रूपर्यंत आमचा हात गेलाहि होता. इतक्यांत आठवलें, कीं ग्रामोफोनची सुई कडेकडून मध्याकडे जाते, सीडीचा किरण मध्याकडून कडेकडे. म्हणजे किरण अंध झाला नव्हता; त्याला बाहेरची वाट चालवत नव्हती. दंडावरचें जुनें वंगण मेणासारखें घट्ट झालें होतें. तें स्पिरिटानें पुसून नवें लाविलें, भिंग कापसाच्या बोळ्यानें हलकेंच टिपलें, आणि अडखळणें थांबलें. स्क्रू फिरविला असता, तर थकलेला किरण चार दिवस तेजाळून कायमचा विझण्याचा संभव होता.

यश आल्यावर नवशिक्याला सुधारणेचा मोह होतो, आम्हांसहि झाला. फुगलेले दोन कपॅसिटर बदलणें अवश्यच होतें. ते त्याच मापाचे, दाब सोसण्यांत पूर्वींच्याहून उणे नसलेले आणून, धन-ऋण टोकें जपून बसविले. पण अंकांचा ध्वनि करणारा भागच काढून नवा घालावा असें मनांत आलें, तेव्हां फिलिप्सची एक हकीकत आड आली. पहिल्या यंत्राच्या वेळीं त्यांच्याजवळ सोळा बिटांचा रूपांतरक तयार नव्हता, चौदांचाच होता. त्यांनीं तो चौपट वेगानें चालविला, प्रत्येक मोजणींतली चूक पुढच्या मोजणींत वळती केली, आणि सोळांचें काम चौदांकडून करून घेतलें. आपण ज्याला अपुरेपणा समजतों तें कित्येकदां करणाऱ्याचें कौशल्य असतें. तें समजून घेतल्यावांचून उपटून टाकणें ही सुधारणा नव्हे. आमच्या यंत्राच्या पाठीमागें अंक तसेच बाहेर देण्याची सोय आहे. तेथें तार जोडून नवा रूपांतरक बाहेरच ठेविला. मन बदललें, तर तार काढली कीं यंत्र पूर्ववत्.

आज गाणें खिशांतल्या फोनवर ऐकूं येतें, आणि त्यांत वाईट कांहींच नाहीं. पण तें ऐकविणें वा बंद करणें दुसऱ्याच्या हातीं असतें. म्हणून ज्यांच्या घरीं तबकड्या आहेत, त्यांनीं भंगारवाल्यास होकार देण्यापूर्वीं एकदां झांकण उघडून पाहावें, एवढेंच आमचें सांगणें आहे. वडिलांच्या खुणा बहुतेक शेवटच्या भैरवीपाशीं आहेत, हें यंत्र नीट झाल्यावर आमच्या लक्षांत आलें. खण उघडूं लागला एवढ्यावर आम्ही थांबलों असतों, तर नेमकी तीच ऐकूं आली नसती.