खुणेचा शोध : व्हेरोनाच्या दफ्तरापासून उस्मानाबादच्या गावांपर्यंत

कर्करोगाची गाठ दुखू लागते किंवा तिच्यातून रक्त जाऊ लागते, तेव्हा रोग झाल्याचे कळते. पण तोवर बहुधा उशीर झालेला असतो. म्हणूनच रोगाची चाहूल आधी देणारी एखादी खूण सापडावी, यासाठी वैद्यकाची धडपड चालत आली आहे. ही खूण कधी पेशीच्या आकारात शोधली गेली, कधी रक्तातल्या प्रथिनात, तर कधी डीएनएच्या रेणूत. ज्या रेणूच्या असण्यावरून रोगाचा अंदाज बांधता येतो, त्याला रेणवीय निदर्शक म्हणतात. स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कर्करोगांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात, म्हणजे ज्याला बोलीभाषेत 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात त्यात, हा शोध सर्वांत पुढे गेला. त्याचा इतिहास सुमारे पावणेदोनशे वर्षांचा असून त्यातले एक निर्णायक प्रकरण मराठवाड्यात घडले आहे.

मृत्यूच्या नोंदींतील इशारा

इटलीतील व्हेरोना या शहरात १७६० ते १८३९ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. डोमेनिको रिगोनी-स्टर्न या डॉक्टराने त्या तपासल्या आणि १८४२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. गर्भाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू विवाहित स्त्रिया आणि विधवांमध्ये अधिक होते, मठातल्या जोगिणींमध्ये मात्र फारच कमी. स्तनाच्या कर्करोगाची स्थिती याच्या उलट होती. गर्भाशयाचा कर्करोग आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग असा भेद त्या नोंदींत केलेला नव्हता. तरीही या रोगाचा वैवाहिक जीवनाशी काही संबंध असावा, एवढे आकड्यांनी सुचवले.

पण तो संबंध कोणता? रोगजंतूंचा सिद्धान्त अजून मांडला गेला नव्हता. पाश्चर आणि कॉख यांचे काम पुढच्या काही दशकांतले. विषाणू हा प्रकार तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणाला ठाऊकच नव्हता. आकड्यांनी दिशा दाखवली. पण कारण दाखवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

काचपट्टीवरची खूण

पुढचा टप्पा सुरू झाला तो गिनी पिगपासून. ग्रीसमध्ये १८८३ साली जन्मलेले जॉर्ज पापानिकोलाऊ १९१३ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करू लागले. त्यांना गिनी पिगच्या मादीची बीजांडे नेमक्या अवस्थेत हवी होती. ती अवस्था ओळखण्यासाठी प्राणी मारून पाहण्याऐवजी त्यांनी योनिमार्गातला स्राव काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सुरुवात केली. ऋतुचक्राप्रमाणे स्रावातल्या पेशी बदलतात असे त्यांना आढळले. मग हीच पद्धत त्यांनी स्त्रियांसाठी वापरली. त्यांची पत्नी आंद्रोमाखी वर्षानुवर्षे या अभ्यासासाठी स्वतःचे नमुने देत असे. असेच नमुने तपासताना एका रुग्ण स्त्रीच्या स्रावात त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखता आल्या.

१९२८ मध्ये त्यांनी हे निरीक्षण मांडले, तेव्हा त्याचे फारसे स्वागत झाले नाही. त्याच सुमारास रुमानियातील ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे अशीच पद्धत सुचवली होती. डॉक्टरांचा आक्षेप साधा होता : गर्भाशयमुखाचा तुकडा काढून तपासता येतो, मग हा खटाटोप कशासाठी? १९४१ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासह पापानिकोलाऊंनी नव्याने लेख लिहिला, १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मग पद्धतीचे खरे मोल ध्यानात आले. कर्करोग होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून पेशींचे रूप पालटू लागते. केंद्रक मोठे होते, गडद दिसते, वेडेवाकडे होते. या अवस्थेत तेवढाच भाग काढून टाकला, तर कर्करोग होतच नाही.

'पॅप चाचणी' नावाने ही तपासणी जगभर गेली. फिनलंडसारख्या ज्या देशांनी ती सर्व स्त्रियांपर्यंत नियमितपणे पोहोचवली, तेथे या रोगाचे मृत्यू झपाट्याने घटले. पण तिच्यासाठी रंगद्रव्ये, प्रयोगशाळा, हजारो पेशींतून एखादी बिघडलेली पेशी टिपणारी तयार नजर आणि दर काही वर्षांनी पुन्हा तपासणी करणारी व्यवस्था लागते. एका वेळच्या तपासणीत बऱ्याच बिघडलेल्या पेशी नजरेतून सुटतात. आपल्यासारख्या देशातल्या खेड्यांत ही व्यवस्था उभी राहिली नाही.

विषाणूचा माग

पॅप चाचणी परिणाम दाखवत होती; कारण अजून अज्ञातच होते. १९६० नंतरच्या काळात बहुतेक संशोधकांचा संशय नागिणीच्या कुळातल्या हर्पीस सिम्प्लेक्स-२ या विषाणूवर होता. जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांचा विचार सरळ होता : विषाणूमुळे कर्करोग होत असेल, तर त्याचा डीएनए गाठीतल्या पेशींत सापडलाच पाहिजे. त्यांनी शोध घेतला, पण हर्पीसचा डीएनए मिळेना. १९७४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथील परिषदेत त्यांनी हे सांगितले, तेव्हा ते कोणाला फारसे रुचले नाही. त्यांना संशय होता तो चामखिळी निर्माण करणाऱ्या पॅपिलोमा विषाणूचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एचपीव्ही म्हणतात.

अडचण अशी, की हा विषाणू प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने वाढवता येत नव्हता. तेव्हा त्याच्या डीएनएवरूनच त्याला ओळखणे भाग होते. डीएनएचे दोन धागे एकमेकांना पूरक असतात हे आपण वर्गात शिकवतो. ते विलग केले आणि ओळखीचा एक धागा त्यात सोडला, तर तो नेमका आपल्या पूरक धाग्याशीच जुळतो. याला संकरण म्हणतात. जननेंद्रियांवरील चामखिळींतून मिळालेल्या विषाणूंचा डीएनए असा 'शोधक' म्हणून वापरला गेला. ते विषाणू कर्करोगात क्वचितच आढळले. परंतु जुळणीची अट थोडी सैल करताच त्यांची भावंडे हाती लागली : १९८३ मध्ये एचपीव्ही-१६ आणि १९८४ मध्ये एचपीव्ही-१८. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग या दोन प्रकारांमुळे होतात, हे पुढे स्पष्ट झाले. त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

एचपीव्ही-१८ चा डीएनए आणखी एका ठिकाणी सापडला. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स ही ३१ वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री या रोगाने मरण पावली. तिच्या गाठीतल्या पेशी तिची परवानगी न घेता प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. 'हेला' नावाच्या त्या पेशी आजही जगभर वापरल्या जातात. त्यांच्यातली विषाणूची जनुके तीन दशकांनंतरही कार्यरत असल्याचे दिसले. म्हणजे विषाणू केवळ येऊन गेलेला नव्हता. पेशींचे अमर्याद विभाजन त्याच्याच जोरावर चालू होते.

हे कसे घडते, हे १९९० च्या सुमारास उलगडले. विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने पेशीचे दोन पहारेकरी निकामी करतात. डीएनए बिघडला तर विभाजन थांबवणाऱ्या पी-५३ या प्रथिनाचा ई-६ नाश घडवते, तर विभाजनाला लगाम घालणाऱ्या आरबी प्रथिनाला ई-७ जखडून टाकते. १९९९ मध्ये निरनिराळ्या देशांतून जमवलेल्या नमुन्यांच्या फेरतपासणीत ९९.७ टक्के कर्करोगांत एचपीव्हीचा डीएनए आढळला. व्हेरोनाच्या कोड्याचे उत्तर मिळाले होते : संबंध होता तो लैंगिक संपर्कातून पसरणाऱ्या एका विषाणूशी.

मात्र येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा संसर्ग अतिशय सर्वसामान्य आहे. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींत तो टिकून राहतो आणि त्यांतल्याही काहींना दहा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. म्हणून चाचणीत एचपीव्ही सापडणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे आणि तो कोणाच्या चारित्र्याचा दाखला तर मुळीच नव्हे.

सापडणे वेगळे, वाचवणे वेगळे

खूण मिळाली की जीव वाचणारच, असे आपण सहज धरून चालतो. ते खरे नाही. १९८१ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी बीजांडकोशाच्या कर्करोगात रक्तात वाढणारे सीए-१२५ हे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड तयार केले. आधीच झालेल्या रोगावर उपचार लागू पडतात की नाही, हे पाहण्यासाठी ते उपयोगी ठरले. मग निरोगी स्त्रियांची तपासणी त्यावरून करावी, असा विचार पुढे आला. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांवर दीर्घकाळ चाचणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला : तपासणीमुळे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नाहीत. खूण खरी होती, पण ती दिसेपर्यंत बहुधा वेळ निघून गेलेली होती.

एचपीव्हीच्या डीएनएचीही अशीच परीक्षा व्हायला हवी होती. ती उस्मानाबाद जिल्ह्यात झाली. (जिल्ह्याचे नाव २०२३ पासून धाराशिव आहे.)

गावांमधली परीक्षा

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी चालू होती. कोणत्या गावात किती जणांना कर्करोग झाला आणि किती दगावले, याचा हिशेब असल्याखेरीज अशी चाचणी करताच येत नाही. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये काम सुरू केले. गावांचे ५२ समूह करून ते यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागले. ३० ते ५९ वयाच्या एकूण १,३१,७४६ स्त्रिया त्यांत होत्या. एका गटासाठी एचपीव्ही डीएनए चाचणी, दुसऱ्यासाठी पॅप चाचणी, तिसऱ्यासाठी गर्भाशयमुखाला सौम्य अॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची चाचणी ठरली. चौथ्या, तुलनेच्या गटाला नेहमीच्याच आरोग्यसेवा उपलब्ध होत्या. तपासणी एकदाच व्हायची होती आणि तिच्यासाठी निवडलेल्या स्त्रियांपैकी पाचांतल्या सुमारे चौघी पुढे आल्या.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, तुलनेच्या गटात ३१,४८८. कर्करोगाचे रुग्ण अनुक्रमे १२७ आणि ११८, म्हणजे जवळपास सारखेच. पण दुसऱ्या किंवा त्यापुढच्या अवस्थेला पोहोचलेले रुग्ण पहिल्या गटात ३९ होते, तर तुलनेच्या गटात ८२. मृत्यू ३४ विरुद्ध ६४. रोग लवकर हाती लागल्याने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. पॅप आणि आम्ल चाचण्यांच्या गटांत मात्र अशी लक्षणीय घट दिसली नाही. चाचणीत 'काही दोष नाही' असे ठरलेल्या स्त्रियांना पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण या दोन गटांत एचपीव्ही गटाच्या चौपटीहून अधिक होते.

यावरून आम्लाची चाचणी टाकाऊ ठरत नाही. मुंबईतल्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच तपासणी होणार असेल, तर रेणूची खूण अधिक भरवशाची, असा याचा अर्थ.

या यशाला एक बोचरी बाजू आहे. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांची तपासणी न करणे योग्य होते का, यावर वैद्यकीय नियतकालिकांत वाद झाला. त्या भागात एरवीही कोणाची तपासणी होत नव्हती, असे एक बाजू म्हणते. पॅप चाचणीचा उपयोग आधीच सिद्ध होता, असे दुसरी. हेन्रिएटा लॅक्सच्या पेशींपासून सुरू झालेला प्रश्न येथे वेगळ्या रूपाने उभा राहतो आणि तो उच्च माध्यमिकच्या वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. त्या ६४ मृत्यूंशी ताडून पाहिल्यावरच ३४ या आकड्याला अर्थ आला.

जगाने त्या निष्कर्षाचा उपयोग केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला प्रथम पसंती दिली. २००६ पासून प्रतिबंधक लसही उपलब्ध झाली असून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला भारतात २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पण त्याच २०२२ या वर्षी भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्णांचा आणि जवळजवळ ८० हजार मृत्यूंचा अंदाज होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी एकदा तरी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या १.९ टक्के. ज्या जिल्ह्यातल्या स्त्रियांनी या खुणेची परीक्षा घडवली, त्यांच्या लेकीसुनांना तरी ती तपासणी मिळते का, याची चौकशी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन करायला शिक्षकांना कोणाची परवानगी लागत नाही.