ड जीवनसत्त्व व मुलांच्या खुब्याचे विकार

आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. वाढत्या वयात ते कमी पडले की हाडाच्या टोकाजवळची कूर्चेची वाढचकती नीट कठीण होत नाही. लहान मुलांत त्यातून मुडदूस होतो : पाय वाकतात, मांडीच्या हाडाची मान खाली झुकते, मूल डुलत चालते. पौगंडावस्थेत उंची व वजन झपाट्याने वाढत असताना कमकुवत चकतीवरून हाडाचा माथा घसरूही शकतो. कमतरता असलेल्या अशा १५ रुग्णांची माहिती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. लठ्ठपणा व थायरॉइडचे विकार हीही माथा घसरण्याची कारणे आहेत. पर्थिस हा खुब्याचा विकार मात्र वेगळा; त्यात माथ्याचा रक्तपुरवठा तुटतो.

जामनेर तालुक्यातील पहूर परिसरात वर्षातला बराच काळ त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे कडक ऊन असते, म्हणून इथे त्याची कमतरता नसेलच असे मानणे चूक आहे. शेजारच्या नाशिक भागात हचिसन व शाह यांनी केलेला मुडदुसाचा अभ्यास १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यात राहणाऱ्या सुखवस्तू घरांतील मुलांना मुडदूस होता, तर निकृष्ट अन्नावर पण उघड्यावर वाढणारी गरीब मुले त्यातून सुटली होती. आज उन्हाळ्यात दुपारभर मुले घरात असतात, शाळेच्या दिवसांत वर्गात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होत नाही. केळी, कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत यांतून ते जवळजवळ मिळत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीनुसार तान्ह्या बाळाला रोज ४००, तर १ ते १८ वर्षांच्या मुलांना ६०० आंतरराष्ट्रीय एकके लागतात. चाचणी व सल्ल्याशिवाय मोठे डोस देत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

माथा घसरलेला मुलगा पुष्कळदा ‘गुडघा दुखतो’ एवढेच सांगतो, कारण दुखणे मज्जातंतूवाटे मांडीत व गुडघ्यात उतरते. गुडघ्याच्या एक्स-रेत काही दिसत नाही, मलम लावले जाते, आणि महत्त्वाचे आठवडे वाया जातात. लंगडणे, चालताना पाऊल बाहेर वळणे, खुबा आत फिरवताना दुखणे ही लक्षणे दिसताच दोन्ही खुब्यांचे समोरून व बाजूने एक्स-रे काढावेत. निदान होताच पायावर भार देणे थांबवून शस्त्रक्रियेने स्क्रू बसवतात. कमतरता आढळल्यास ड जीवनसत्त्व व कॅल्शियमही देतात. दुसरा खुबाही घसरण्याचा धोका असल्याने वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी चालू ठेवावी लागते.